भिंतीवर फराटे का उमटतात?

कपाशीची वेचणी अंगावर येण्याआधी घर रंगवून घ्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. पुढे त्याच खोलीत कापूस भरला जातो. भिंतीचा कच्चा चुना कापसाला लागला की व्यापाऱ्याला नाक मुरडायला निमित्तच मिळते. म्हणून रंग नुसता दिसण्यापुरता नको, बसलाही पाहिजे.

फराटे उमटण्याचे मूळ कारण एकच. मारलेला पट्टा सुकतो, त्याच्या कडेवर दुसरा पट्टा चढतो आणि जोडावर थर दुहेरी होतो. आपल्या उन्हात भिंत तापलेली असते, रंग लागल्या लागल्या ओढून घेते. तेव्हा काम सकाळी धरावे, पंखा बंद ठेवावा आणि एक भिंत एका दमात संपवावी. अर्ध्यावर सोडून चहाला गेले की तो जोड कायमचा दिसलाच म्हणून समजा!

आपला जिल्हा चुन्याचा. वणीकडची चुनखडी आणि राजूरच्या चुनाभट्ट्या कोणाला ठाऊक नाहीत? कळीचा चुना लोखंडी ड्रममध्ये दिवसभर भिजू द्यावा. तो उकळतो, म्हणून पोरांना दूर ठेवावे. मग फडक्याने गाळून त्यात डिंकाचे पाणी घालावे. भिंत आधी पाण्याने ओली करावी. हात पातळच द्यावा, पहिला आडवा तर दुसरा उभा. ओला चुना पारदर्शक दिसतो, सुकल्यावर पांढरा होतो. हे न कळल्याने लोक जाड थापतात आणि पुढे पोपडे निघतात.

डिस्टेंपरला मात्र भिंत कोरडी हवी. घरकुलाचे नवे प्लॅस्टर निदान महिनाभर सुकू द्यावे, लांबी घासून घ्यावी, प्रायमर मारावा. पाणी डब्यावर लिहिले असेल तितकेच. नवा रोलर धुऊन त्याचे सुटे धागे काढावेत. कडा ब्रशने थोड्याच माराव्यात आणि त्या ओल्या असतानाच रोलर फिरवावा. रोलर दाबला की दोन्ही टोकांना रेघा पडतात. शेवटचा हात हलका, वरून खाली, सगळीकडे एकाच दिशेने.

शाळाखोली किंवा अंगणवाडी रंगवून झाली की सरपंच-ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी बिलावर सही करण्याआधी संध्याकाळी बल्ब भिंतीलगत धरून पाहावे. समोरून न दिसणारे फराटे आडव्या उजेडात लगेच दिसतात. कारागीर म्हणेल, 'अजून एक हात मारून देतो, भाऊ.' तेवढ्याने भागत नाही. आधी उंचवटा पॉलिशपेपरने घासायला लावावा, मगच हात.