गोल्फ, मोटार आणि विमा

मंडळी, मागच्या वर्षी मदतनिधीसाठी आपण गोल्फ स्पर्धा भरवली. ‘एका फटक्यात होल गाठा, मोटार घरी न्या!’ अशी जाहिरात केली. विमा ७२ खेळाडूंचा होता. आयत्या वेळी नावे वाढून ७६ झाले. एकाचा चेंडू होलपासून वीतभर अंतरावर थांबला. सगळे हळहळले, मी, खजिनदार, मात्र सुटकेचा निःश्वास टाकला! तो आत जाता तर विमा कंपनीने हात वर केले असते आणि मोटारीचे पैसे मदतनिधीतून गेले असते.

हौशी खेळाडूला असा फटका साधण्याची शक्यता साधारण १२,५०० मध्ये एक मानतात. म्हणून हप्ता परवडतो. पण अटी नीट वाचाव्यात: खेळाडूंची संख्या, होलचे किमान अंतर, साक्षीदार. अठरा होलवर चौघांचा एकेक गट धरला की ७२ होतात. तिथे नोंदणी थांबवावी किंवा आधी विमा वाढवावा.

कराचेही पाहावे. अमेरिकेत प्रवेशशुल्क ७५ डॉलरहून जास्त असल्यास धर्मादाय संस्थेने खेळ-जेवणाची किंमत लेखी कळवावी लागते. वरची रक्कम तेवढीच देणगी. मोटार जिंकणाऱ्यालाही तिच्या किमतीवर आयकर लागतो.

यंदा विमा आधी, जाहिरात नंतर!