कोंबडीची बातमी कशी ऐकायची?



टीव्हीवर लाल पट्टी येते, ‘बर्ड फ्लूचा कहर’, ‘पुढची महामारी दारात?’ मोबाइलवर मेलेल्या कोंबड्यांचे फोटो फिरू लागतात. दुसऱ्या दिवशी बाजारात अंडी घेऊन बसलेल्या बाईकडे गिऱ्हाईक फिरकत नाही. म्हणून आज आपण रोगाबद्दल बोलू, आणि त्याच्या बातमीबद्दलही.

हे आपल्या महाराष्ट्रातच घडलंय. १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर झालं, की नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडलाय. भारतातल्या कोंबड्यांमध्ये हा रोग सापडण्याची ती पहिलीच वेळ. तिथल्या लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. ते गरजेचंच होतं. पण भीती नवापुरात थांबली नाही. दूरदूरच्या गावांतही लोकांनी कोंबडी-अंडी खाणं सोडलं, रेल्वेच्या जेवणातून चिकन गेलं, भाव कोसळले. नवापूरच्या माणसांचे नमुने तपासले, तेव्हा एकालाही हा रोग निघाला नाही. २०२० साली तर ‘कोंबडीतून कोरोना होतो’ या निव्वळ अफवेनं भाव पडले.

मग सगळंच खोटं समजायचं का? तसंही नाही. या रोगाच्या तीन पायऱ्या आहेत, त्या नीट ध्यानात घ्या.

पहिली पायरी, पक्ष्याकडून पक्ष्याला. हे वारंवार होतं. दुसरी, आजारी पक्ष्याकडून माणसाला. हे क्वचित होतं. २००३ पासून साऱ्या जगात एच५एन१ या बर्ड फ्लूचे हजाराच्या आसपास रुग्ण नोंदले गेले. पण त्यातले जवळजवळ निम्मे दगावले, म्हणून आजारी कोंबडीशी खेळ नको. तिसरी पायरी, माणसाकडून माणसाला सहज लागण. ती झाली तर महामारी. बर्ड फ्लूचा विषाणू अजून ही पायरी चढलेला नाही.

पण फ्लूचे विषाणू रूप बदलतात. १९१८ साली फ्लूचीच साथ आली होती. आपल्याकडचे जुने लोक तिला मानमोडी म्हणायचे. तिच्यात एकट्या भारतात एक कोटीहून जास्त माणसं गेली. म्हणून शास्त्रज्ञ ‘असं होऊ शकतं’ म्हणून सावध करतात, आणि ते त्यांचं कामच आहे. घोटाळा कुठं होतो? बातमी असते पहिल्या पायरीची आणि मथळा देतात तिसऱ्या पायरीचा.

२००९ चा स्वाइन फ्लू मात्र खरंच तिसऱ्या पायरीवर होता. ऑगस्टमध्ये देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. शाळा बंद झाल्या, मास्कसाठी झुंबड उडाली, साधी सर्दी झालेलेही तपासणीच्या रांगेत उभे राहिले. बहुतेक रुग्ण नेहमीच्या तापासारखे बरे झाले. पण गरोदर बायांना धोका जास्त होता, आणि त्यांना औषध लवकर मिळायला हवं होतं. नुसती भीती पसरली, की अशी कामाची गोष्ट मागे पडते. फ्लूच्या दिवसांत गरोदर बाईला ताप आला, धाप लागली, तर घरी थांबू नका. आशाताईंना सांगा, दवाखाना गाठा.

भीतीचा आणखी एक तोटा आहे, तो म्हणजे लपवालपवी. कोंबड्या मरायला लागल्या, की वाटतं, सांगितलं तर सगळ्याच मारतील, गाव आपल्याला नावं ठेवेल. मग उरलेल्या घाईनं विकल्या जातात, मेलेल्या ओढ्यात टाकल्या जातात. तिथून रोग पुढच्या गावात जातो.

परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याचं उदाहरण घ्या. जानेवारी २०२१ मध्ये तिथं एका बचत गटाच्या पोल्ट्रीत सुमारे ८०० कोंबड्या मेल्या. नमुने तपासणीला गेले, बर्ड फ्लू निघाला. मग एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या नष्ट करायचं ठरलं आणि दहा किलोमीटरपर्यंत कोंबड्यांची ने-आण थांबवली. गटाचं नुकसान झालंच. पण कळलं म्हणून तर आजूबाजूला पहारा बसवता आला. आणि एक ध्यानात ठेवा, सरकारी भरपाई असते ती सरकारनं मारलेल्या पक्ष्यांची. उशिरा सांगितलं, तर तोवर आपोआप मेलेल्या कोंबड्यांचे पैसे हातात येत नाहीत.

तेव्हा बातमी ऐकली, की तीन प्रश्न विचारा. रोग कुणाला झालाय, पक्ष्याला की माणसाला? कुठं झालाय, आणि प्रयोगशाळेचा अहवाल आलाय का? बातमीत ‘झालं’ म्हटलंय की ‘होऊ शकतं’?

परसात एकदम दोन-चार कोंबड्या मेल्या, तर उघड्या हातानं उचलू नका, पोरांना जवळ जाऊ देऊ नका, कापून खाऊ नका. जनावरांच्या दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या नंबरवर फोन करा. निरोगी कोंबडी आणि अंडी पूर्ण शिजवून खायला हरकत नाही. ७० अंशांच्या वर शिजलं, की हा विषाणू मरतो, आणि आपला रस्सा तर चांगला उकळतो. कच्चं मटण हाताळल्यावर हात, विळी, पाट साबणानं धुवा.

गटाच्या पुढच्या बैठकीत हे तीन प्रश्न एकमेकींना विचारून बघा. आणि कुणाच्या कोंबड्या मेल्या, तर तिला नावं न ठेवता तिच्यासोबत दवाखान्यापर्यंत जा. येते मी. नमस्कार!