डेंड्रोबियम ऑर्किडच्या कुंडीत काय भराल?

शेडनेटमधली डेंड्रोबियमची रोपे दोन-अडीच फुटांवर गेली, की कुंड्या कलंडू लागतात. वारा आला, पाइपने जोरात पाणी मारले, फुलांचा दांडा जड झाला, की कुंडी आडवी. मग आपला उपाय ठरलेला. कुंडीत दोन ओंजळी माती आणि शेणखत दाबून भरायचे. कुंडी जड होते, झाड हलत नाही, आपणही निश्चिंत होतो. पुढे पावसाची झड लागली, की खोडांचे बूड काळे पडते आणि झाड अलगद हातात येते. रोपांवर घातलेला पैसा पहिले चांगले फूल येण्याआधीच जातो. म्हणून आज हा विषय.

कोकणातल्या रानात आंब्याच्या, ऐनाच्या फांदीवर सीतेची वेणी फुललेली तुम्ही पाहिली असेल. बरेच जण तिला बांडगूळ समजतात, पण ती झाडाचा रस शोषत नाही. नुसता आधार घेते. तिची मुळे सालीला घट्ट चिकटलेली आणि उघड्या हवेत असतात. मुळांवर स्पंजासारखे पांढरे आवरण असते. पाऊस पडला की ते पाणी पिते व हिरवट दिसते, वारा लागला की पुन्हा पांढरे होते. हे भिजणे आणि सुकणे दोन्ही त्याला हवे. डेंड्रोबियमचे मूळही असेच. मातीत ते सुकत नाही, हवा मिळत नाही, मग कुजते. मूळ गेले की झाडाची पकडही गेली. म्हणजे झाड उभे राहावे म्हणून घातलेली माती शेवटी त्याला आडवेच करते.

तेव्हा माध्यम असे हवे, की पाणी ओतल्याबरोबर खालून निघून जावे, तुकड्यांमध्ये हवा खेळावी, आणि कुंडीला वजनही यावे.

आपल्याकडे सर्वांत सहज मिळते ते नारळाचे सोडण. ओल धरते, मुळे त्यात झटकन शिरतात, खर्च जवळजवळ नाही. पण त्याला वजन नाही, आणि आपल्या पावसात ते दोन-तीन वर्षांत कुजून गाळ होते. नवे सोडण थेट वापरू नका. तुकडे करून काही दिवस पाण्यात बुडवा व पाणी बदलत राहा. चहासारखा तांबूस रंग उतरणे कमी झाले, की वापरा. नारळाचा बारीक भुसा, म्हणजे कोकोपीट, उंच डेंड्रोबियमच्या कुंडीत मात्र नको. पावसात तो मातीसारखाच चिकटून बसतो.

वजनासाठी विटांचे किंवा जुन्या मंगलोरी कौलांचे तुकडे उत्तम. वीट पक्की भाजलेली घ्या, कच्ची विरघळून चिखल होते. तुकडे इंच-दीड इंचाचे ठेवा, चुरा चाळून टाका, चुना-सिमेंट लागलेले बाजूला काढा आणि रात्रभर भिजवून मग भरा. लाकडी कोळसा हलका खरा, पण लवकर कुजत नाही आणि हवा खेळती ठेवतो.

माझे मत विचाराल, तर कोकणपट्टीत जिथे नेटमधून पाऊस थेट कुंडीत पडतो, तिथे निम्मे कौल-विटांचे तुकडे घ्यावेत, उरलेल्यात कोळसा जास्त आणि सोडण कमी. मोठे तुकडे तळाला म्हणजे वजन खाली राहते. घाटावर हवा कोरडी, तिथे सोडण वाढवले तरी चालते. वर प्लास्टिक असेल तर पाणी आपल्या हातात, मग सोडणाला फारशी भीती नाही.

लावतानाही थोडे लक्ष द्या. जुनी खोडे कुंडीच्या काठाला टेकवा आणि नवा कोंब मध्याकडे तोंड करून ठेवा, कारण वाढ त्याच दिशेने पुढे सरकते. कोंबाचे बूड गाडू नका, फक्त मुळे तुकड्यांत असू द्या. झाड उंच आहे म्हणून मोठी कुंडी घेण्याचा मोह होतो, पण तिच्या मधोमध ओल साचून राहते. रुंद बुडाची, भरपूर भोकांची, मुळांना जेमतेम पुरेल अशी कुंडी घ्या. बांबूची काठी तळापर्यंत रोवून झाड दोन ठिकाणी सैल सुतळीने बांधा. झाड हलत राहिले तर नव्या मुळांची कोवळी टोके तुकड्यांवर घासून तुटतात, आणि ते झाड महिनोन्‌महिने पकड घेत नाही. पकड आली की काठी काढली तरी चालते.

या माध्यमात खताचा कस नसतो. पाण्यात विरघळणारे खत लिटरला एक ग्रॅम, वाढीच्या काळात आठवड्याने द्या, आणि मधूनमधून नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढा. नाहीतर क्षार साचून मुळांची टोके करपतात.

शेडनेटचा प्रस्ताव करताना रोपे, नेट आणि पाइप यांचा हिशेब होतो, माध्यमाचा राहून जातो. गावातल्या कर्मचारी मंडळींनी तोही अंदाजपत्रकात धरायला सांगावे. कौले व सोडणे पावसाळ्याआधी जमवून ठेवलेली बरी.

कुंडी बदलायची ती नव्या कोंबाला मुळे फुटू लागली की, भर पावसात नव्हे. सोडण बोटांनी दाबून पाहा. लगदा झाला असेल, तर फुले चालू असली तरी पुढच्या कोंबाच्या वेळी ते बदलायचे ठरवा. आणि जुने काढलेले सोडण नेटमध्ये ढीग करून ठेवू नका, पावसाळ्यात गोगलगायी त्यातच दडतात आणि रात्री कोवळी मुळे खातात.