मूल कोणाचे?

2011 सालच्या मे महिन्यात नॉर्वेतल्या स्टॅव्हँगर शहरात एका बंगाली दांपत्याची दोन मुले तिथल्या बालकल्याण खात्याने ताब्यात घेतली. मुलगा तीन वर्षांचाही नव्हता. मुलगी अंगावर पिणारी. मुलाला हाताने भरवतो आणि कुशीत निजवतो, यालाच खात्याने दोष धरला, असे आईबापांचे म्हणणे होते. बातमी इकडे आली तेव्हा घरोघर एकच प्रश्न निघाला : मग आपली मुले तरी आपल्याकडे राहिली असती का? चिऊ-काऊचे घास खात आणि आजीच्या पदराखाली झोपतच तर आपण सगळे वाढलो.

राग साहजिक होता. पण खात्याचे म्हणणे असे, की मुले संस्कृतीपायी काढून घेतली नाहीत. मात्र खरे कारण गोपनीयतेच्या नियमामुळे सांगता येत नाही. त्यामुळे आपल्या कानी एकच बाजू आली. पुढे एप्रिल 2012 मध्ये मुले भारतात आली, ती काकाच्या ताब्यात. मग आईला इथे झगडावे लागले आणि जानेवारी 2013 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने मुले तिच्याकडे सोपवली. नॉर्वेशी भांडून झाल्यावर तिच्या वाट्याला मायदेशातही लढाई आली, हे आपण सोयीस्कर विसरतो. 2023 साली यावर हिंदी चित्रपट निघाला आणि नॉर्वेच्या राजदूतांनी त्यावर जाहीर हरकत घेतली.

याच देशातली दुसरी घटना डिसेंबर 2012 ची. सात वर्षांच्या मुलाचा छळ केल्याबद्दल ऑस्लोच्या न्यायालयाने आंध्रातल्या एका दांपत्याला शिक्षा दिली. बापाला 18 महिने, आईला 15 महिने. तेव्हाही ‘मुलाला धाक नको का?’ असा सूर आपल्याकडे उमटलाच. घास भरवणे आणि मारहाण करणे या दोन्ही गोष्टी आपण ‘संस्कृती’ या एकाच गाठोड्यात बांधतो, तिथे आपली गफलत होते. आईबापांनी मुलावर हात उगारणे स्वीडनने 1979 मध्ये आणि नॉर्वेने 1987 मध्ये कायद्याने बंद केले. आपल्याकडे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतला मार बंद झाला. घरातल्या माराला तसा स्पष्ट मज्जाव नाही.

मी पस्तीस वर्षे बँकेत काढली. सज्ञान नसलेल्या मुलाला कायद्याच्या भाषेत ‘अज्ञान’ म्हणतात. सातबाऱ्यावर त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ अशी अक्षरे असतात. म्हणजे अज्ञान पालनकर्ता अमुक. या अज्ञानाच्या नावावर दोन गुंठे जमीन असली, तर 1956 च्या कायद्याप्रमाणे ती जन्मदात्या बापालाही न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. तसले तारण समोर आले, की आम्ही फाईल बाजूला ठेवत असू. मला नेहमी वाटे, या पोराच्या दोन गुंठ्यांची एवढी राखण करणारे आपण त्याच्या पाठीवरचे वळ मात्र ‘घरचा मामला’ म्हणून सोडून देतो. जमिनीच्या बाबतीत बाप हा केवळ विश्वस्त, आणि मुलाच्या बाबतीत मालक, असा हा उलटा हिशेब आहे.

याचा अर्थ नॉर्वेचे सगळे बरोबर, असा मुळीच नाही. तिथल्याच एका आईचे बाळ जन्मानंतर तीन आठवड्यांतच खात्याने नेले आणि पुढे दत्तक दिले. ती युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेली. 10 सप्टेंबर 2019 रोजी 17 पैकी 13 न्यायाधीशांनी तिच्या बाजूने कौल दिला. आई-मुलाच्या भेटी इतक्या मोजक्या ठेवल्या, की त्यांवरून तिची पात्रता ठरवणे योग्य नव्हते, आणि तपासणीचे अहवालही जुने होते, असे न्यायालयाला दिसले. ही बाई नॉर्वेजियनच. संस्कृतीचा तिथे संबंध नव्हता. आईला मूल भेटूच द्यायचे नाही आणि मग दोघांत जिव्हाळा नाही म्हणायचे, हा अन्याय कोणत्याही देशात अन्यायच.

आपला 2015 चा बाल न्याय कायदा या बाबतीत शहाणा आहे. मूल ताब्यात घेतले, की 24 तासांत बालकल्याण समितीपुढे न्यायचे. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. आधी घर सावरता येते का, ते पाहायचे. कायदा कागदावर चांगला आहे, पण तो घरापर्यंत पोचवायला माणूस लागतो. बालकांसाठीचा 1098 हा क्रमांक आपल्यापैकी किती जणांना पाठ आहे?

सुनेच्या किंवा लेकीच्या बाळंतपणाला परदेशी निघालेल्या आज्यांनी मेतकूट-डिंकाच्या लाडवांबरोबर तिथला कायदाही थोडा समजून घ्यावा. नातवाला भरवण्यात भिण्यासारखे काही नाही, धपाटा मात्र इथेच ठेवून जावा. आणि इथे राहिलेल्या आपण एवढे करावे : शेजारच्या घरातून लहान मुलाचे ओरडणे रोज त्याच वेळी ऐकू येत असेल, तर दूरदर्शनचा आवाज वाढवू नये. आधी जाऊन दार वाजवावे. आईबाप थकलेले असतील, तर मूल तासभर आपल्याकडे आणावे. तेवढ्याने भागले नाही, तर 1098 फिरवावा.