न दुखणारा चट्टा आणि डॉ. कमल रणदिवे

आमच्या मोखाड्याकडे दिवाळी झाली की गावं अर्धी रिकामी होतात. भात, नागली, वरई घरात आली की माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर 'जगायला' जातात आणि पावसाच्या तोंडावर परतात. गेल्या उन्हाळ्यात परीक्षा आटोपून मी घरी गेलो, तेव्हा मामा असाच भट्टीवरून नुकताच आलेला. ओट्यावर बसून विडी ओढत होता. बोलण्याच्या नादात विडी जळत बोटांपर्यंत आली, कातडी करपल्याचा वास सुटला, तरी मामाचा हात हलेना. मीच ओरडलो. मामा हसून म्हणाला, "भट्टीवर हात निबर झालेत रे."

हात निबर झालेले नव्हते. आठवड्याभराने आशाताई घरोघर तपासणी करत आल्या. मामाच्या कोपराखाली फिकट चट्टा होता, पाठीवर आणखी बरेच. ताईंनी त्याला डोळे मिटायला लावले आणि पेनाचं टोक हळूच टेकवत विचारलं, "कुठं लागतंय, बोट ठेवा." चट्ट्याबाहेर बोट बरोबर पडलं. चट्ट्यावर टेकवलं तेव्हा मामा नुसताच बसून राहिला. जव्हारच्या कुटीर रुग्णालयात निदान पक्कं झालं : कुष्ठरोग. आजीने 'रक्तपिती' म्हणून कपाळाला हात लावला आणि घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही.

मी ई अँड टीसीचा विद्यार्थी. सेन्सर, सिग्नल, फीडबॅक हे शब्द व्हायवापुरते तरी पाठ. नसेतला सिग्नल तुटतो कसा आणि शरीर ते मुकाट्याने होऊ कसं देतं, हे शोधत वाचायला लागलो. वाचता वाचता एक नाव पुन्हा पुन्हा भेटलं : डॉ. कमल रणदिवे. ८ नोव्हेंबर २०२१ ला गुगलने मुखपृष्ठावर ज्यांचं चित्र लावलं होतं, त्याच या बाई. तेव्हा मी ते चित्र बघून पुढे क्रिकेटचा स्कोअर बघायला गेलो होतो, हेही कबूल करतो.

कमल समर्थ यांचा जन्म १९१७ चा, पुण्याचा. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी त्यांची इच्छा. मुलीने दोन्ही ऐकलं नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजातून १९४३ साली एम.एस्सी. केलं, तेही सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या गुणसूत्रांवर, आणि लग्न केलं गणिताच्या माणसाशी. मुंबईत टाटा मेमोरियलला विकृतिशास्त्राचे मोठे गुरू डॉ. वसंत रामजी खानोलकर भेटले. त्यांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. झाली. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशी शरीराबाहेर काचेत वाढवायला शिकल्या. हेला पेशींचं नाव ज्यांनी ऐकलं असेल त्यांना सांगतो, त्या पेशी १९५१ साली याच प्रयोगशाळेत वाढल्या.

इतकं शिकून बाई परत आल्या. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊती-संवर्धनाची, म्हणजे काचेत पेशी वाढवायची, प्रयोगशाळा उभी केली. देशातली ती पहिली. उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता किती, संप्रेरक किती आणि दुधातून पिल्लांकडे जाणारा विषाणू किती, हे त्या वर्षानुवर्षं तपासत राहिल्या. त्यांचा प्रश्न माझ्या भाषेत मांडायचा तर असा : पेशी बिघडते तेव्हा बाहेरून तिला काय निरोप मिळालेला असतो? आज याला 'सेल सिग्नलिंग' म्हणतात. त्या वेळी हा शब्द फारसा रुळलेला नव्हता.

आता कुष्ठरोगाकडे. हान्सेन या नॉर्वेच्या डॉक्टरला हा जंतू १८७३ मध्ये दिसला. दीडशे वर्षं उलटली, तरी तो आजवर प्रयोगशाळेच्या बशीत कुणालाही वाढवता आलेला नाही. एकाचे दोन व्हायला त्याला साधारण दोन आठवडे लागतात. इतर काही जंतूंना वीस-तीस मिनिटं पुरतात. त्याला गारवा आवडतो, म्हणून हात, पाय, नाक, कानाच्या पाळ्या या जागा तो धरतो. आणि राहतो कुठे, तर नसेभोवती गुंडाळलेल्या श्वान पेशींमध्ये. आपल्या भाषेत सांगायचं तर वायरीच्या इन्सुलेशनमध्ये घर करतो. म्हणून मामाची विडी बोटापर्यंत आली.

नसांमध्ये राहणारा जंतू, तर त्याला नसांच्याच पेशी देऊन पाहू, असं परळच्या मंडळींनी ठरवलं. डॉ. बापट, डॉ. रणदिवे आणि डॉ. खानोलकर यांनी मानवी गर्भाच्या मज्जागुच्छातल्या पेशी काचेत वाढवल्या आणि त्यात रुग्णाच्या गाठीतला अंश सोडला. १९५८ मध्ये त्यातून जंतू वाढले. संस्थेच्या नावावरून त्यांचं नाव पडलं 'आय.सी.आर.सी. जंतू'. पुढे तपासण्यांत ठरलं, की हा कुष्ठरोगाचा जंतू नव्हेच, त्याचा चुलत भाऊ आहे, वेगळ्या जातीचा. इथे एखाद्याने फाईल बंद करून कपाटात टाकली असती. पण चुलत भावाचा चेहरा मूळ गुन्हेगारासारखा असेल, तर ओळख परेड त्याच्यावरही घेता येते!

हे नीट कळायला आपली रोगप्रतिकारशक्ती कशी चालते ते पाहू. जंतू महाभक्षक पेशीच्या पोटात शिरतो आणि तिथेच मजेत राहतो. पेशीने त्याला गिळलं आहे, पण मारायचा हुकूम तिला आलेला नाही. हा हुकूम टी-पेशी देते, इंटरफेरॉन-गॅमा नावाचं प्रथिन सोडून. ते महाभक्षकाच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला चिकटलं, की आतली 'जॅक' नावाची विकरं जागी होतात, ती 'स्टॅट-१' ला फॉस्फेट लावतात, ही स्टॅटची जोडी केंद्रकात जाऊन जनुकं चालू करते, आणि पेशी हत्यारं काढते. रिलेची साखळीच म्हणा ना. एक कडी ढिली, तर पुढचं सगळं बंद.

म्हणूनच जंतू एकच असून रोगाची रूपं दोन. ज्याच्या टी-पेशी हा हुकूम जोरात देतात, त्याला एक-दोन चट्टे येतात, जंतू शोधून सापडत नाहीत. ज्याच्या शरीरात हुकूम येतच नाही, उलट इंटरल्यूकिन-१० सारखे 'शांत राहा' सांगणारे निरोप फिरतात, त्याच्या अंगभर जंतू. त्याच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर असतात, पण जंतू पेशीच्या आत आणि प्रतिपिंडं बाहेर, उपयोग शून्य. आणि बहुतेक माणसं, शंभरातली नव्वदच्या वर, या जंतूला मुळात दाद देतच नाहीत. हे मी आजीला तीनदा सांगितलं. मामाचं ताट वेगळं ठेवणं तिने चौथ्या वेळेला बंद केलं.

चुलत भाऊ इथे कामाला आला. डॉ. माधव देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅमा किरणांनी मारलेल्या आय.सी.आर.सी. जंतूंची लस केली. जंतूकडे ढुंकून न पाहणाऱ्या रुग्णांच्या टी-पेशीही तिच्यामुळे जाग्या होताना दिसल्या. १९९१ पासून तामिळनाडूत सुमारे १,७१,००० माणसांवर चार लसींची तुलना झाली. १९९८ मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांत या लसीचं संरक्षण ६५.५ टक्के निघालं, साध्या बीसीजीचं ३४.१. तरीही ही लस सरसकट टोचली जाण्यापर्यंत पोचली नाही. तोवर तीन औषधांच्या गोळ्यांनी रुग्ण इतके कमी केले होते, की डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, असं जाहीर झालं. मला विचाराल तर या जाहीर करण्याने थोडा घातही झाला. लोकांना वाटलं रोग गेला. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त आजही भारतात सापडतात, आणि महाराष्ट्रात जिथे ते जास्त सापडतात त्या जिल्ह्यांत आमचा पालघर आहे.

बाईंना १९८२ साली पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी आणि सहकारी स्त्री-वैज्ञानिकांनी १९७३ मध्ये काढलेली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना होतीच. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा त्यांनी अभ्यास केला, गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. अकोले म्हणजे आमच्यासारखाच सह्याद्री, तोच पाऊस, तीच महादेव कोळी आणि ठाकर वस्ती. काचेतल्या पेशीवरून बाई एकदम ताटातल्या भाकरीकडे कशा वळल्या, असं वाटेल. पण प्रश्न तोच होता. १९९४ मध्ये सापडलेलं लेप्टिन चरबीच्या पेशींमधून निघतं. शरीरात साठा किती उरला, हा निरोप ते मेंदूला तर देतंच, पण टी-पेशींनाही देतं, हे १९९८ मध्ये उंदरांवर दिसलं. उपाशी उंदराच्या टी-पेशी मंदावल्या, लेप्टिन टोचल्यावर पुन्हा कामाला लागल्या. म्हणजे भूक हासुद्धा पेशीला मिळणारा निरोपच. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून जास्त बालकं दगावली. कुपोषित मूल हगवणीने, गोवराने, न्यूमोनियाने का जातं, याचं एक उत्तर इथे आहे. बाई २००१ मध्ये गेल्या. लेप्टिनबद्दल त्यांनी वाचलं असेल का, असा विचार मनात येतो.

मामाला बारा महिन्यांचा कोर्स लागला. महिन्यातून एकदा आशाताईंसमोर गोळ्या घ्यायच्या, बाकी पाकिटातल्या रोज. रिफॅम्पिसिनने लघवी लाल झाली तेव्हा तो घाबरून सगळं सोडायला निघाला होता. क्लोफाझिमिनने अंग काळवंडलं, त्यावर मामी अजून बोलते. मध्ये एकदा कोपराची नस सुजली. औषध चालू असतानाही मेलेल्या जंतूंवर शरीर असं चवताळतं, तेव्हा वेगळी गोळी देऊन ते शांत करावं लागतं, नाहीतर बोटं वाकडी होतात. वेळेवर दाखवलं, म्हणून निभावलं. घरातल्या आम्हा सगळ्यांना, मलासुद्धा, रिफॅम्पिसिनचा एकेक डोस दिला.

दिवाळीनंतर तो पुन्हा भट्टीवर गेला. जाताना ताईंनी पुढच्या महिन्यांची पाकिटं एकदम दिली आणि भट्टीजवळच्या दवाखान्याचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. दर रविवारी मेसच्या रांगेत उभा असताना मी फोन करतो. "गोळी घेतली का?" मामा म्हणतो, "घेतली. आणि विडी आता चिमट्यात धरून ओढतो." मी म्हणतो, सोडून दे ना मग. तो फोन ठेवतो.