अहमोस ते अखेनातेन

१९२२च्या फेब्रुवारीत ब्रिटनने इजिप्तला स्वातंत्र्य दिलं, पण ते कागदावरच. फौजा तिथेच राहिल्या. त्याच नोव्हेंबरात तुतनखामेन या प्राचीन राजाची, म्हणजे फॅरोची, कबर सापडली. परक्यांच्या पहाऱ्यात वाढणाऱ्या शिकलेल्या तरुणांना फॅरोंमध्ये आपलं हरवलेलं घराणं दिसू लागलं.

इजिप्शियन कादंबरीकार नजीब महफूज त्याच पिढीचे. १९३९ ते १९४४ या काळात त्यांच्या फॅरोंवरच्या तीन कादंबऱ्या आल्या. त्यातली तिसरी 'किफाह तीबा', म्हणजे थीब्जचा लढा. साडेतीन हजार वर्षांपूर्वी उत्तरेत ठाण मांडून बसलेल्या परकीय हिक्सोसांना अहमोस राजाने हुसकून लावलं, त्याची ही कथा. तिच्यात रणांगणावर पडणाऱ्या सेकेनेन्रे राजाची ममी १८८१मध्ये मिळालेली होती. कवटीवरचे कुऱ्हाडीचे घाव आजही दिसतात. कादंबरीतले हिक्सोस गोरे, दाढीवाले, सावळ्या इजिप्शियनांना तुच्छ लेखणारे. ते कोण, हे १९४४च्या वाचकाला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. अहमोस मात्र जवळजवळ निर्दोष आहे. शत्रूच्या राजकन्येवरचं प्रेमही तो प्रजेसाठी सोडतो. गुलाम देशाला असाच राजा हवा होता, आणि त्यात मला काहीही गैर वाटत नाही.

पुढे महफूज कैरोच्या गल्ल्यांकडे वळले. राष्ट्राध्यक्ष नासर यांच्या काळात अरब ऐक्याचा घोष होता, फॅरो मागे पडला. शिवाय त्याचं दुसरं रूप लोकांच्या मनात मुरलेलं होतंच: कुराणातला, मूसाला छळणारा उद्दाम राजा. १९८१मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्याने आपण फॅरोला मारलं असं ओरडून सांगितलं.

त्यानंतर महफूज यांनी फॅरोंना पुन्हा हात घातला, पण आता आरती ओवाळायला नव्हे. १९८३च्या 'अमाम अल-अर्श'मध्ये पहिला राजा मेनेसपासून सादातपर्यंतचे राज्यकर्ते मृतांचा देव ओसायरिसच्या न्यायासनापुढे उभे राहतात. १९८५मध्ये, जुने देव बाजूला सारून एकाच सूर्यदेवाची पूजा लादणाऱ्या अखेनातेन राजावरची कादंबरी आली. राजा गेल्यावर एक तरुण त्याला ओळखणाऱ्यांची दारं ठोठावतो: अमूनचा महापुरोहित, सेनापती, वैद्य, शेवटी राणी नेफर्तिती. एकाला तो द्रष्टा वाटतो, दुसऱ्याला पाखंडी, तिसऱ्याला राज्य बुडवणारा दुबळा माणूस. लेखक निवाडा देत नाही. पूर्वजावर प्रेम करायचं आणि त्याची उलटतपासणीही करायची, हे धैर्य 'किफाह तीबा'त नव्हतं. म्हणून ही कादंबरी मला कितीतरी मोठी वाटते.

इजिप्तच्या रस्त्यांवर मात्र अहमोसचाच काळ चालू आहे. २०२१च्या एप्रिलमध्ये २२ राजेराण्यांच्या ममींची कैरोतून शाही मिरवणूक निघाली. अग्रभागी सेकेनेन्रे होता. त्याच सुमारास 'किफाह तीबा'वर बेतलेली दूरचित्रवाणी मालिका निर्मात्यांना थांबवावी लागली. झलकीतल्या अहमोसला दाढी होती, आणि लोकांना ते सहन झालं नाही.

दोन्ही कादंबऱ्या इंग्रजी अनुवादात मिळतात. अखेनातेनची आधी वाचा.