अंगणातील जाळी आणि गव्हाचा कण

जुलैची चार तारीख उजाडली की अमेरिकेतील घरोघरच्या मागील अंगणांतून धूर निघू लागतो. स्वातंत्र्यदिनाची सुटी, लांबलेली संध्याकाळ, निखाऱ्यांवर ठेवलेली लोखंडी जाळी आणि हाती चिमटा घेऊन उभा असलेला यजमान. बार्बेक्यू हा त्या समाजातील बहुधा सर्वांत मोकळाढाकळा भोजनसमारंभ होय. तेथे पंगत नसते, वाढपी नसतात, आग्रहही बेताचाच. ज्याने त्याने कागदी बशी उचलावी आणि हवे ते वाढून घ्यावे. हा मोकळेपणा हेच त्या समारंभाचे आकर्षण. परंतु जमलेल्या शंभरांतील एखाद्या पाहुण्याच्या दृष्टीने खरा धोका नेमका त्यातच असतो.

शंभरांत एक हे प्रमाण काल्पनिक नव्हे. सीलिअॅक हा विकार जगाच्या लोकसंख्येपैकी सुमारे एक टक्का लोकांना असावा, असा वैद्यकाचा अंदाज आहे. आणि त्यांतील पुष्कळांना तो आपल्याला आहे याचाच पत्ता नसतो. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. कणकेला चिवटपणा येतो तो त्याच्यामुळेच. ज्यांना हा विकार असतो त्यांचे शरीर ग्लूटेनशी झगडताना आपल्याच लहान आतड्याचे अस्तर झिजवून टाकते. मग अन्न पोटात जाते, पण अंगी लागत नाही. रक्तक्षय होतो, हाडे ठिसूळ होतात, मुलांची वाढ खुंटते. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना १९३० च्या दशकापासूनच गव्हाविषयी संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडून पाव दुर्मिळ झाला, आणि रुग्णालयातील ही रोगी बालके मात्र सुधारली, तेव्हा तो संशय बळावला. १९५० मध्ये त्यांनी प्रबंधरूपाने तो मांडला. त्यानंतर इतकी वर्षे लोटली, तरी या रोगावर पथ्याखेरीज दुसरा उपाय हाती आलेला नाही. आणि ते पथ्य जन्मभराचे असते.

हे पथ्य किती काटेकोर असावे लागते, हे आकड्यांनीच सांगितलेले बरे. पावाच्या एका कापात साधारणतः दोन ग्रॅमच्या आसपास ग्लूटेन असते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन पाहणीत असे आढळले की, रोज अवघे ५० मिलिग्रॅम ग्लूटेन पोटात गेले तरी तीन महिन्यांत आतड्याच्या अस्तरावर त्याचा परिणाम दिसू लागतो. म्हणजे पावाच्या कापाचा चाळिसावा हिस्सा! ‘एवढ्याशाने काय होते?’ असे म्हणणाऱ्या सहृदय यजमानाने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

वस्तुतः बार्बेक्यूचे मूळ पदार्थ निरुपद्रवी असतात. नुसते मांस, मासे, मक्याची कणसे, बटाटे, भाज्या यांत ग्लूटेनचा लवलेशही नाही. घोटाळा सुरू होतो तो त्यांवरील संस्कारांपासून. मांस मुरवण्यासाठी वापरला जाणारा सोया सॉस बहुधा सोयाबीनबरोबर गहू आंबवून केलेला असतो. काही पाककृतींत बिअर ओततात, ती जवाची. बर्गरच्या टिक्क्या फुटू नयेत म्हणून त्यांत पावाचा चुरा मिसळतात. ब्रिटनमध्ये सॉसेजात रस्क नावाचा गव्हाचा चुरा घालण्याची रीतच आहे. महाग मांसात स्वस्त धान्य मिसळण्याची ही युक्ती काटकसरीतून रुळली आणि पुढे चवीचाच भाग होऊन बसली.

हे सारे टाळले तरी जाळी उरतेच. तिच्यावर आधी कोणी पाव भाजलेले असतात. त्यांचा चुरा तारांना चिकटून राहतो. प्रखर आचेने जंतू मरतात, म्हणून ग्लूटेनही जळून जात असेल, असा पुष्कळांचा समज आहे, आणि तो सपशेल चुकीचा आहे. प्रथिन म्हणजे काही जंतू नव्हे. ज्या चिमट्याने पाव उलटला त्यानेच कोंबडीचा तुकडा उचलला, की झाले. मेयोनेझच्या बरणीत पावाला लावलेली सुरी पुन्हा बुडाली, की ती अख्खी बरणीच त्या पाहुण्याला वर्ज्य होते. सॅलडच्या वाडग्यातील डाव शेजारच्या पास्त्यात जाऊन परत आला, हे तर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

अर्थशास्त्रात जॉर्ज अकरलॉफ यांचा जुन्या मोटारींच्या बाजारावरील १९७० चा निबंध प्रसिद्ध आहे. विकणाऱ्याला मालातील खोट ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. या विषमतेने बाजार कसा बिघडतो, ते त्यात दाखविले आहे. अंगणातील मेजवानीत तीच विषमता असते. फरक एवढाच की येथे यजमानाच्या मनात कपट नसते. मसाल्यात काय पडले हे त्यालाच ठाऊक असते, पण ते सांगण्यासारखे आहे हे त्याच्या गावी नसते. दुकानातील मालाबाबत ही उणीव कायदा काही अंशी भरून काढतो. ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणून विकायच्या पदार्थात दर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असले पाहिजे, असा नियम अमेरिकेत २०१३ मध्ये झाला. पण त्यातही फटी आहेत. २००४ च्या कायद्याने वेष्टनावर गव्हाचा स्पष्ट उल्लेख सक्तीचा केला; जव आणि राय यांचा केला नाही. मांसाच्या वेष्टनांचा कारभार कृषी खात्याकडे असल्याने ग्लूटेनमुक्ततेचा तो नियम त्यांना लागूच नाही. युरोपात मात्र ग्लूटेन असलेले प्रत्येक धान्य नावानिशी सांगावे लागते. इटलीने तर २००५ च्या कायद्याने या विकाराला सामाजिक आजार मानले असून, तेथील रुग्णांना विशेष अन्नासाठी सरकारी मदत मिळते.

अंगणात कायदा पोचत नाही. तेथे सावधगिरीचा भार कोणी उचलावा, हा प्रश्न उरतो. अपघाताचा भार ज्याला तो टाळणे सर्वांत स्वस्त पडते त्याच्यावर असावा, असे सूत्र गुइडो कॅलाब्रेसी या कायदेपंडितांनी १९७० मध्ये मांडले. त्या सूत्राने पाहिले तर यजमानाला पडणारा खर्च नगण्य आहे. जाळी घासून तिच्यावर जाड अॅल्युमिनियमचा कागद अंथरावा, त्या पाहुण्याचे अन्न सर्वांआधी भाजावे, त्याच्यासाठी चिमटा वेगळा ठेवावा, मोहरीचा सॉस बरणीतून न देता दाबून काढायच्या बाटलीतून द्यावा, आणि त्याला पहिल्यांदा वाढून घेऊ द्यावे. बस्स. उलट पाहुण्याला हेच साधायचे तर घरून शिधा बांधून आणावा लागतो, दहा प्रश्न विचारावे लागतात आणि ‘फार नखरे’ हा शेरा मुकाट्याने गिळावा लागतो. बारा वर्षांच्या मुलाला तो गिळवत नाही. चारचौघांत वेगळे दिसण्यापेक्षा तो गुपचूप बर्गर खातो.

नखऱ्याचा हा शेरा अलीकडे वाढला आहे, आणि त्याला कारण फॅशन. कोणताही विकार नसता केवळ वजनासाठी गहू सोडणारे लोक पाश्चात्य देशांत पुष्कळ झाले. त्यांच्या मागणीमुळे दुकानांत मालाचे प्रकार वाढले, हा रुग्णांचा लाभच. परंतु तेच लोक केकचा तुकडा समोर येताच ‘आजच्या दिवस चालेल’ म्हणतात, आणि यजमानाची अशी समजूत होते की सर्वांनाच आजच्या दिवस चालते.

परदेशी स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आता उन्हाळ्यात अशा जाळ्या मांडतात. पनीर, कणसे, मसाला लावलेली कोंबडी, सोबत कोशिंबीर. आपल्या पदार्थांत पाव नाही, तेव्हा भीती नाही, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. पण कोशिंबिरीवर जी फोडणी पडते तिच्यात हिंग असतो, आणि डबीतला हिंग म्हणजे शुद्ध हिंग नव्हे. हिंगाचा उग्र चीक डिंकात व पिठात, पुष्कळदा गव्हाच्याच पिठात, कालवून तो तयार केलेला असतो. थालीपिठाच्या भाजणीत तर गहू उघडउघडच पडतो. राहिली ज्वारीची भाकरी. ज्वारीत ग्लूटेन नाही, हे खरे. पण ती ज्या गिरणीत दळली तिच्या जात्यात तिच्याआधी कोणाचे दळण पडले होते, हे डबा उघडणाऱ्या गृहिणीलाही क्वचितच सांगता येते.